मीटरच्या पंख्यातलं सूत

मीटर बंद पडलं की फोन येतो आणि पलीकडचा माणूस म्हणतो, “मॅडम, तुमचं मीटर बिघडलं.” चालू असतं तेव्हा ते कारखान्याचं असतं, डेअरीचं असतं, गावाचं असतं. बिघडलं की लगेच माझं होतं. इतकी वर्षं हे काम करतेय, पण या वाक्यानं माझा पारा अजून चढतो. फोनवर दोन शब्द सुनावते आणि पिशवी उचलून निघते.

घराच्या नळाला असतं ते छोटं मीटर मी दुरुस्त करत नाही. माझी मीटरं जाड पाइपांत बसवलेली असतात आणि त्यांच्या पोटात एक पंखा असतो. पाइपातून पाणी वाहिलं की पंखा फिरतो. वर एक कॉइल बसवलेली असते, तिच्याखालून पंख्याचं एकेक पातं जातं, ती ते मोजते आणि डब्यावरचा आकडा पुढं सरकतो. इतकं साधं यंत्र आहे. साधं आहे म्हणूनच त्याला छळायला माणसांना फार डोकं लागत नाही.

लातूरच्या एका तेल गिरणीत मीटर कमी दाखवतं म्हणून तिथल्या लोकांनी माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. जाऊन बघते तर मीटरवरचा बाण एकीकडं आणि तेल दुसरीकडं. उलटंच बसवलं होतं. नांदेडच्या एका डेअरीत व्हॉल्व्ह बंद असतानाही आकडा चढत होता, आणि तिथले लोक घाबरून गेले होते. वायरमननं मीटरची नाजूक तार आणि पंपाच्या मोटरची जाड केबल मोठ्या प्रेमानं एकाच पट्टीत बांधली होती. मोटर सुरू झाली की मीटर पाण्यावाचूनच मोजायला लागायचं. नायगावकडच्या एका गावात तर रिकाम्या पाइपातून नुसती हवा सुटली आणि पंखा असा गरगरला की त्याचं बेअरिंग गेलं. आकड्यात गावाला पूर आला होता, नळाला थेंब नव्हता. असं काही बघितलं की मी आधी चिडते, मग हसते, मग पाना काढते.

या कामात मी टिकले ती माझ्या सासूबाईंमुळं. हे मी आधीच सांगून टाकते.

मी नांदेडला लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडं इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा होता आणि घरात सगळे मास्तर. सासरे मास्तर, नवरा कॉलेजात, सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत. त्यांच्या घरात पाना म्हणजे सायकलवाल्याकडची वस्तू. मी बाहेरगावची कामं घ्यायचं काढलं तेव्हा सासरे म्हणाले, कारखान्यात, रानातल्या टाक्यांवर एकट्या बाईनं कसं जायचं? त्यांचं चुकत होतं असं नाही, पण मला ते ऐकून रडू आलं. सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते, तेव्हा नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मी जाते की सोबत. घरी बसून तरी काय करून राहिले मी?”

मला वाटलं, दोनचार वेळा येतील, उन्हानं बेजार होतील आणि सोडून देतील. त्या येतच राहिल्या. सुती पातळ, पायात कापडी बूट, हातात घडीचं स्टूल आणि पोळीभाजीचा डबा. मी पाइपाशी झटापट करत असायची आणि त्या जिथं सावली आणि माणसं असतील तिथं स्टूल टाकून बसायच्या. घटकाभरात त्यांना कुणाची लेक कुठं दिली, कुणाचा नातू कितवीत आहे, सगळं मालूम व्हायचं. आधी मला याचा राग यायचा. मी इथं बेअरिंग शोधतेय आणि या वऱ्हाडात आल्यासारख्या गप्पा मारतायत, असं वाटायचं. वरून परतीच्या बसमध्ये त्या सगळ्या खबरी मला सांगायच्या, आणि मला त्या माणसांचं नावही ठाऊक नसायचं.

रेणापूरच्या पुढं आडवाटेला एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक मला पुन्हा चहाला बोलावणार नाहीत. गावाच्या वरच्या अंगाला एका उंचवट्यावर पाण्याची बैठी टाकी आहे. टाकीतून पाणी आपल्या उतारानं गावात जातं आणि त्या पाइपावर पंख्याचं मीटर बसवलेलं आहे. मीटरच्या अलीकडं कचरा अडवायला एक जाळी. पाणी सोडायचं काम पन्नाशी ओलांडलेल्या एका काकांकडं होतं. शेत नव्हतं. मुलगी लातूरला नर्सिंग शिकत होती. घर त्या कामावरच चालायचं.

भानगड अशी झाली होती. टाकीच्या बाजूला काचेची नळी असते, तिच्यात टाकीतलं पाणी किती उतरलं ते दिसतं. नळी सांगत होती, पाणी भरपूर गेलं. मीटर सांगत होतं, गावात त्याहून पुष्कळ कमी पोचलं. मग मधलं पाणी गेलं कुठं? गावानं उत्तर काढून ठेवलं होतं: काका फाट्यावरच्या ढाब्याला चोरून पाणी देतात. त्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीत पाणी समितीची बैठक होती. मीटर बरोबर आहे असं मी सांगितलं की काकांना कामावरून काढायचं, हे ठरूनच गेलं होतं. मला बोलावलं होतं ते शिक्का मारायला.

मी सकाळी टाकीवर पोचले. आईंनी खाली पिंपळाच्या पारावर बायकांमध्ये स्टूल टाकलं. काका माझ्याजवळ उभे होते. पाना मागायच्या आत हातात द्यायचे. मी बाण बघितला, बरोबर होता. तार बघितली, कुठल्याच केबलजवळून जात नव्हती. कॉइल तपासली, ठीक. किती पाती गेली की एक लिटर धरायचा, तो डब्यात भरलेला आकडा मीटरवर कोरलेल्या आकड्याशी जुळत होता. पाइप पाण्यानं पूर्ण भरून वाहत होता, हवा नव्हती. जाळी काढून बघितली, थोडा गाळ, बाकी स्वच्छ. आता मीटर काढून आत बघणंच तेवढं उरलं होतं. काका व्हॉल्व्ह बंद करायला वाकले. मनातून वाटत होतं, देवा, काहीतरी निघू दे.

निघालं. पंख्यावर फुंकर मारली की तो मजेत फिरत राहायला हवा. हा अर्धा फेरा घेऊन थांबला. आसापाशी काळपट काहीतरी गच्च बसलं होतं. चिमट्यानं सोडवत गेले तर सूत. लांबच लांब, बारीक सूत, आसाभोवती घट्ट गुंडाळलेलं. पंखा अडखळत फिरत होता, म्हणून मीटर कमी मोजत होतं. पाणी सगळं गावातच गेलं होतं! मी आनंदानं ओरडलेच, “काका, सुटलात तुम्ही!”

काकांनी सुताकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

बैठकीत मी ते सूत कागदावर ठेवून सगळ्यांसमोर मांडलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मीटर चुकीचं होतं, चोरी झालेलीच नाही. समितीचे अध्यक्ष वयस्कर होते, धोतर-टोपीतले, आवाज खणखणीत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी सूत बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर याला अजून अडकवलं. मीटरच्या आधी जाळी हाय ना? मग सूत आत गेलं कसं? यानंच हातानं घातलं. कमी पाण्याचा दोष मीटरवर जावा आणि ढाब्याला द्यायला मोकळीक व्हावी म्हणून.”

 मी काकांना सोडवायला गेले होते आणि चोरीचा पुरावाच समोर ठेवला होता.

मग माझा राग कामाला आला. मी जाळी आणायला लावली, बादलीभर पाणी मागवलं, आईंच्या पिशवीतला शिवणाचा दोरा मागवून तोडला आणि समितीच्या डोळ्यांसमोर जाळीवर पाणी ओतत बसले. दोरा आडवा आला की अडकायचा. पण मधूनच टोक सरळ भोकात शिरायचं आणि पाण्याबरोबर आख्खा दोरा सुळकन पलीकडं जायचा. जाळी काडीकचरा अडवते, बारीक सूत नाही अडवत. हे सगळ्यांनी बघितलं. अध्यक्षांनीही बघितलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला.

“बरं, जाळीतनं गेलं म्हणू. टाकीत कुठनं आलं? टाकीच्या झाकणाला कुलूप, किल्ली याच्या कमरंला.”

सगळे काकांकडं बघायला लागले. काका फरशीकडं बघत उभे.

“काका, सांगा ना!” मी जवळजवळ खेकसले. “कुणी टाकलं ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“माझी जिम्मेदारी हाय मॅडम,” ते म्हणाले. “माझ्याच हातनं गेलं असंल.”

“झालं,” अध्यक्ष म्हणाले. “कबूल करून राहिला.”

मी तशीच उठले आणि बाहेर व्हरांड्यात आले. कागदातलं सूत मुठीत होतं. आई पारावरून उठून पायरीवर येऊन बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि वर म्हणाले की हा माणूस खुळा आहे, त्याला वाचवायची माझी काही गरज नाही. त्यांनी माझं बोलणं संपू दिलं. मग कागद मागून घेतला, चष्मा चढवला आणि सूत उन्हात धरलं.

“ही गाठ बघ,” त्या म्हणाल्या. “हिच्यात हळकुंड बांधलं होतं, ते पाण्यात सुटलं. बाळंतिणीचं सूत हाय हे.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि स्वतःचीच लाज वाटली. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं पाणी पुजायला विहिरीवर जाते. हळदी-कुंकू वाहते, हळकुंड बांधलेलं सूत पाण्यात सोडते, मग तिला पाणी भरायची मोकळीक मिळते. माझी लेक झाली तेव्हा नांदेडच्या आमच्या अपार्टमेंटला विहीर कुठली असणार? आईंनी मला पार्किंगमधल्या बोअरच्या मोटरीसमोर पाटावर बसवलं होतं आणि वॉचमनची बायको पदराआड हसत होती. त्या मोटरीला मी असंच सूत गुंडाळलं होतं.

“इथली विहीर बुजवली,” आई म्हणाल्या. “म्हणून या बाया टाकीवर जातात. सकाळी पारावर एकीनं मला सहज सांगितलं, काका झाकण उघडून देतात म्हणाली. पण हे सूत कुणाचं ते बोलली न्हाई.” त्या उठल्या, पातळ झटकलं. “बस तू इथं. चिडू नको. मी येते.”

त्या गेल्या. मी बसले. मला वाटलं, आता त्या बायकांचा घोळका घेऊन येणार आणि ग्रामपंचायत डोक्यावर घेणार. त्या आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एकच मुलगी होती, बारीकशी, डोक्यावर पदर, छातीशी टोपडं घातलेलं बाळ. तिचे पाय दारात अडखळले. आईंनी तिला आत ढकललं नाही की ओढलंही नाही. बाजूला उभ्या राहिल्या फक्त. मी नंतर विचारलं, तुम्ही तिला काय सांगितलंत? तर म्हणाल्या, “मी कशाला सांगू? काकाची नोकरी चालली, एवढंच बोलले. लेकराला पाजून झालं आणि तीच उठली.”

आता आईंचे गुडघे गेलेत, त्या येत नाहीत. मी एकटी जाते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण मी कुठल्याही टाकीवर गेले की आधी सावलीतल्या माणसांशी बोलून घेते, आणि मग पाना काढते. हे मला डिप्लोम्यात कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या पोटात त्यांच्याबद्दल किती माया आणि किती उपकाराची जाण आहे ते त्यांना सांगायला गेलं की त्या म्हणतात, पुरे कर, कुकर बंद कर आधी.

तर ती मुलगी आत आली. सगळ्या बैठकीत तिनं एकाच माणसाकडं बघितलं.

“मामा,” ती अध्यक्षांना म्हणाली, कारण ते तिचे सासरे होते. “ते सूत माझं हाय. आपल्या बाळीचं. पाणी पुजायला मीच सोडलं. काका नगं म्हणत होते, पियाचं पाणी हाय म्हणत होते, मीच लई गळ घातली तवा त्यांनी झाकण उघडलं.”

 अध्यक्षांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मग आवाज खाली आणून मला म्हणाले, “मीटर साफ करून बसवा मॅडम.” बैठक तिथंच उठली. काकांना काढायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

उन्हं कलली तेव्हा मी टाकीवर मीटर परत बसवत होते. काका पाइप सावरून धरत होते. टाकीशेजारी एक वेगळा नळ आणि लहान हौद करून घ्या, तिथं पाणी पुजा, टाकीत काही सोडू नका, असं मी त्यांना बजावत होते आणि ते मुंडी हलवत होते. आई आणि ती मुलगी बाळाला घेऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. तेवढ्यात अध्यक्ष चढण चढून वर आले. दम लागला होता.  मग काकांना म्हणाले, “तुला ठावं होतं, सूत कुणाचं ते?”

“हाव.”

“मग बोलला का न्हाईस? मी सगळ्या गावासमोर तुला चोर म्हणलो.”

काकांनी पाइप सोडला नाही. “कसं बोलणार, अण्णा? उद्या कधी नळ आटला, पाणी उशिरा आलं, की लोक म्हणले असते, हिच्याच सुतानं गावचं पाणी अडलं. पोरीला जन्मभर पांढऱ्या पायाची म्हणत्यात मग. काम काय, मी दुसरं बघितलं असतं.”

 अध्यक्ष पायऱ्यांकडं गेले, सुनेच्या मांडीवरून नात उचलली आणि आणून काकांच्या ओल्या हातांत दिली.

“हिला धर जरा,” ते म्हणाले. “बोल्ट मी आवळतो.”

ते बोल्ट त्यांनी वाकडेतिकडे आवळले. मला ते सगळे पुन्हा आवळावे लागले, आणि आवळताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं.